दोन गोण्यांचं ओझं

दुबईहून परत आल्यापासून गावातले लोक मला ठरावीक प्रश्न विचारतात. सोनं तिथे खरंच उघड्यावर मांडून विकतात का, प्यायचं पाणी विकत घ्यावं लागतं का, आणि उंटाचं मटण कसं लागतं. सोनं दुकानातच विकतात, पाणी गाढवावर डबे लादून दारात येतं, आणि उंट मी खाल्ला नाही. एवढं सांगितलं की लोकांचं समाधान होतं. आमच्या शाळेच्या हेडमास्तरांनी मात्र 'नीट लिहून काढा' म्हणून पाठच धरली. नीट लिहायचं म्हणजे डोंगरातले दिवस लिहायला हवेत. नेमके तेच गाळावेत असं मला बोटीवर चढल्यापासून वाटत होतं.

मी शाळेत कवायत शिकवतो. त्याआधी फौजेत होतो. महायुद्धात ब्रह्मदेशच्या जंगलात सामान वाहणारी खेचरं आणि तट्टं यांच्या तुकडीत मी हवालदार होतो. माझ्या हाताखाली जी माणसं होती त्यांत रत्नागिरीकडचा इस्माईल होता. लढाई संपल्यावर तो गावी गेला, तिथून गलबतावर चढला आणि दुबईला जाऊन दोर, शिडाचं कापड आणि आकडे-साखळ्या यांचा व्यापारी झाला. 'एकदा या' म्हणून इतकी वर्षं बोलावत होता. गेल्या हिवाळ्यात मी गेलो.

देरा

बोट धक्क्याला लागत नाही. बाहेर समुद्रातच उभी राहते आणि माणसं, गाठोडी, कोंबड्यांच्या पाट्या, सगळं पडावात उतरवतात. पडाव खाडीत शिरला तेव्हा दोन्ही काठांवर चौकोनी मनोऱ्यांची मातकट घरं दिसली. ते मनोरे वारा खाली खेचून खोलीत आणतात. इस्माईल देरा नावाच्या पेठेच्या काठावर उभा होता. पोट सुटलेलं, दाढी मेंदीने लाल, अंगात पांढरा झगा. मला बघून त्याने खाडकन सलाम ठोकला आणि मग गळ्यात पडला.

"जयगडची खाडीच आहे हो हवालदार," तो म्हणाला. "फक्त माड नाहीत आणि पाऊस नाही. बाकी सगळं आपलंच. नोटसुद्धा आपलीच, रंग तेवढा तांबडा."

त्याच्या घरी त्याची बायको, सकीनावहिनी, हिने मी आणलेली आमसुलं आधी हुंगली आणि मग डोळ्याला पदर लावला. त्या दिवशी सुरमईचं सार, तांदळाची भाकरी असा बेत झाला. जेवताना आम्ही दोघं जंगलातच होतो. पोटापर्यंत चिखल, खेचरांच्या पायांना लोंबणाऱ्या जळवा, दाणा संपल्यावर बांबूचा पाला तोडून घालणं. एका खेचराच्या एका बाजूला वायरलेसचं यंत्र आणि दुसऱ्या बाजूला त्याची बॅटरी असायची. कधी दारूगोळ्याच्या पेट्या, कधी तांदूळ, कधी पाय गेलेला शिपाई. मोटार जिथे जात नव्हती तिथे ती जनावरं जात होती. त्यांच्यावाचून आमच्या पलटणीने एक टेकडीसुद्धा घेतली नसती.

इस्माईल मला दुकानात बसवून येईल त्याला सांगायचा, "हे आमचे हवालदार. जनावर ह्यांच्याशी बोलतं." मी मान हलवून 'छे छे' म्हणायचो. पण मला ते ऐकायला आवडत होतं. कवायतीच्या मास्तरला आमच्या गावात असं कोण म्हणतं?

तिथल्या रीतीभाती मला चुकतमाकत कळल्या. कॉफी बिनदुधाची, वेलचीची, आणि कपाच्या तळाशी चार घोट. आपण कप पुढे धरला की ते पुन्हा ओततात. एका अरब गिऱ्हाइकाच्या घरी मी मर्यादा म्हणून घेतच राहिलो आणि तो ओततच राहिला. शेवटी माझी छाती धडधडू लागली तेव्हा इस्माईल हसत म्हणाला, "कप हलवा, कप. हलवल्याशिवाय तो थांबायचा नाही. इथे पाहुण्याला तोंडावर नाही म्हणत नाहीत."

रास अल खैमा

इस्माईलचा एक गिऱ्हाईक होता, सालम नावाचा. उत्तरेकडच्या डोंगरात राहणारा. मध आणि सरपण खाली आणून विकायचा आणि दोरखंड घेऊन जायचा. त्यांच्या वाडीत पावसाचं पाणी साठवायचं दगडी टाकं आहे, त्याला ते बिरका म्हणतात. त्या टाक्याला भेग पडली होती. त्या डोंगरात पाऊस वर्षातून मोजके दिवस पडतो आणि तेच पाणी उन्हाळ्यापर्यंत पुरवायचं असतं. म्हणून सालमने सिमेंट मागवलं होतं. ते पोचवायला इस्माईल जाणार होता. मी म्हटलं, मीही येतो.

लँडरोव्हर समुद्राच्या काठाने निघाली. रस्ता असा नाहीच. ओहोटी असली की ओल्या वाळूवरून पळायचं, भरती आली की आत मिठागरासारख्या पांढऱ्या जमिनीवर चढायचं. एकदा तिथेच चाकं रुतली आणि आम्ही खजुराच्या झावळ्या खाली घालून गाडी काढली. रास अल खैम्याला पोचलो तेव्हा मला एकदम डोळ्याला थंडावा वाटला. खजुरीच्या बागा, विहिरी, आणि मागे उघडा, करडा, सरळ उभा डोंगर. त्यावर गवताची काडी दिसत नव्हती. आमचा सह्याद्री उन्हाळ्यातही इतका नागवा होत नाही.

डोंगराच्या पायथ्याशी सालम तीन गाढवं घेऊन थांबला होता. बारीक अंगाचा, चाळिशीचा, खांद्याला बंदूक आणि हातात लांब दांड्याची इवलीशी कुऱ्हाड. ती कुऱ्हाड तिथले पुरुष काठीसारखी वागवतात. गाढवं आपल्या कुंभाराच्या गाढवांएवढीच, पण पाय सुरेख, खूर घट्ट. त्यांतली एक करड्या रंगाची मादी होती. तिचं नाव शहबा, म्हणजे करडी. ती सालमच्या झग्याची बाही तोंडात धरून उभी होती.

सिमेंटच्या सहा गोण्या होत्या. सालमने एका गाढवावर एक गोणी, दोन भागांत करून लादायला घेतली. इस्माईल म्हणाला, "तो दोन खेपा करणार. आज तीन, उद्या तीन."

मी आकाशाकडे बघितलं. समुद्राच्या बाजूला ढग जमले होते. उद्या पाऊस आला तर टाकं तसंच भेगाळलेलं राहणार, हे मला दिसत होतं, आणि ते खोटं नव्हतं. पण मी जे बोललो ते तेवढ्यासाठी बोललो नाही. भोवती आणखी चारपाच डोंगरातली माणसं उभी होती, आणि इस्माईलने त्यांना आधीच सांगून ठेवलं होतं की हे लढाईतले जनावरांचे उस्ताद.

"दोन खेपा कशाला?" मी म्हटलं. "एका बाजूला एक गोणी, दुसऱ्या बाजूला एक. वजन सारखं राहतं. आम्ही ब्रह्मदेशात याच्या दीडपट घालत होतो."

"हवालदार, ती खेचरं होती," इस्माईल हळूच म्हणाला.

"मला शिकवतोस?"

माझा आवाज परेडच्या मैदानावरचा झाला होता. इस्माईलचे पाय आपोआप जुळले. एवढ्या वर्षांनी, स्वतःच्या दुकानाचा मालक झालेला माणूस, पण माझ्या आवाजाने तो पुन्हा शिपाई झाला. त्याने सालमला अरबीत सांगितलं. सालमने माझ्याकडे पाहिलं, मग शहबाकडे. तिच्या पाठीवरून हात फिरवला. छातीवर हात ठेवून तो काहीतरी बोलला.

"काय म्हणतो?"

"म्हणतो, पाहुणे सांगतात तसं."

मी स्वतः दोर घेतला आणि लादलं. गाठी अगदी सुबक बसल्या. सगळे बघत होते. "यल्ला, चला!" मी म्हटलं, आणि माझ्या अरबीला ते हसले.

डोंगरावर

वाट म्हणजे दगडांत दगड बसवून केलेल्या पायऱ्या. एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला काही नाही. मी मधे चाललो होतो आणि इस्माईलला जुन्या गोष्टी सांगत होतो, म्हणजे त्याने त्या मागून येणाऱ्या डोंगरातल्या माणसांना सांगाव्यात. जंगलात खेचर ओरडलं तर शत्रूला पत्ता लागायचा, म्हणून त्यांच्या घशाच्या तारा कापून टाकत. तोंड उघडायचं, मान ताणायची, आणि नुसती हवा बाहेर. इस्माईलने हे भाषांतर करून सांगितलं तेव्हा मागून कोणी काही विचारलं नाही. मला वाटलं, अचंबा वाटला असेल.

पुढे एका वळणावर खडक वाटेवर आला होता. एक गोणी दोन भागांत लादलेलं गाढव तिथून सहज निघालं असतं. पण दोन्ही बाजूंना एकेक अख्खी गोणी म्हटली की ओझ्याचा विस्तार वाढतो. हे मला कोणी सांगायला नको. ब्रह्मदेशात अशा प्रत्येक वळणावर मी स्वतः ओरडत असे, 'बोजा संभालो!' ओझं खडकाला घासलं की जनावर बाहेरच्या बाजूला ढकललं जातं. किती जनावरं मी अशी दरीत गेलेली पाहिली आहेत. त्या दिवशी मी ओरडलो नाही, कारण मी गोष्ट सांगत होतो.

पहिली दोन गाढवं अंग चोरून कशीबशी गेली. शहबाची आतली गोणी खडकाला लागली. ती थांबली. मागे सरकायला बघत होती. मी मागून तिच्या ढुंगणावर थाप मारली आणि म्हटलं, "चल!" ती चालली. मग तिचे मागचे पाय वाटेवरून सुटले.

फार खोल पडली नाही. खाली एक दगडी ओटा होता, तिथे अडकली. एक गोणी फुटून सिमेंटचा पांढरा धूर वर आला आणि तो खाली बसेपर्यंत काही दिसलं नाही. मग ती दिसली. उठायला बघत होती आणि पुढचा पाय उलट्या बाजूला वळत होता.

"गोळी घाला," मी म्हटलं. ते माझ्या तोंडून आपोआप निघालं. लढाईतला हुकूमच तसा होता, पाय मोडला की गोळी.

इस्माईलने भाषांतर केलं नाही. "त्याला कळतं," तो म्हणाला. "त्याला जरा वेळ द्या."

सालम खाली उतरला. त्याने दोर कापले, खोगिराची गादी काढली. कमरेची पाण्याची कातडी पिशवी सोडून ओंजळीत पाणी घेतलं आणि तिला पाजलं. ती प्याली. वर आम्हा कोणापाशी आता पाणी नव्हतं आणि वाडी अजून दूर होती. सगळी पिशवी त्याने तिला पाजली. तिचं डोकं मांडीवर घेऊन तो काही वेळ बसला. मग उठला. बंदुकीचा आवाज त्या उघड्या डोंगरात खूप वेळ फिरत राहिला.

वर येताना त्याने तिची गादी खांद्यावर घेतली होती. माझ्यासमोर आला तेव्हा मी मान खाली घातली. त्याने इस्माईलकरवी विचारलं, "तुम्हाला कुठे लागलं नाही ना?"

वाडी

दगडी घरं, जमिनीत अर्धी खोल गेलेली. डोंगराच्या माथ्यावर बांध घालून केलेली गव्हाची छोटी शेतं, आमच्या डोंगरातल्या नाचणीच्या खाचरांसारखी. सालमची आई दाराशी उभी होती. सालमच्या खांद्यावर गादी बघून ती सगळं समजली. तरी तिने आधी माझं स्वागत केलं, खजूर पुढे केला, आणि मगच आत गेली.

संध्याकाळी त्यांनी बकरा कापला. मी इस्माईलला म्हटलं, "सांग त्यांना, नको. माझ्यासाठी नको."

"आता गप्प बसा, हवालदार," तो म्हणाला. माझ्याशी तो असं कधी बोलला नव्हता.

मोठ्या थाळ्यात भात, त्यावर तूप आणि मटण. सालमने हाताने सगळ्यात चांगला तुकडा तोडून माझ्यापुढे ठेवला. ज्या हाताने शहबाला पाणी पाजलं तोच हात. त्या घरात मीठ आणि पीठ खालून वर आणायला तीन जनावरं होती, आता दोन राहिली. आणि मी पाहुणा म्हणून थाळ्याच्या मानाच्या जागी बसलो होतो.

जेवण झाल्यावर म्हातारीने पडद्याआडून विचारलं, "पाहुण्यांनी लढाईतल्या जनावरांच्या गोष्टी सांगाव्या. इस्माईल नेहमी सांगतो."

त्या लोकांनी मला टोमणा मारला असता तर बरं झालं असतं. पण तसं काही नव्हतं. माझा चेहरा उतरलेला बघून तिला मला बोलतं करायचं होतं.

मी सांगितलं. नदी ओलांडताना खेचरं पाण्यात शिरत नसत, म्हणून एक तट्टू पुढे पोहत न्यायचं आणि त्याच्या मागे सगळी यायची. पाठीला जखमा होऊन त्यात किडे पडायचे आणि त्यावर पुन्हा खोगीर कसावं लागायचं. माणूस दमला की बसतो, ती उभीच राहायची. हे सगळं मी गावात शंभरदा सांगितलं आहे, आणि प्रत्येक वेळी माझी छाती फुगली आहे. त्या संध्याकाळी तेच शब्द तोंडात कडू लागत होते.

म्हातारीने विचारलं, "लढाई संपल्यावर ज्याने त्याने आपापलं जनावर घरी नेलं?"

इस्माईलने प्रश्न मला सांगितला आणि खाली बघत राहिला. लढाईत त्याच्याकडे चंपा नावाचं खेचर होतं. ती कशी गेली ते आम्हा दोघांना ठाऊक होतं.

"नाही," मी म्हटलं. "एकही परत आलं नाही. काही चढावर मेली. काहींना आम्ही गोळ्या घातल्या. रसद आली नाही तेव्हा काही आम्ही खाल्ली."

इस्माईलने ते शब्दाला शब्द सांगितलं असावं, कारण पडद्याआड म्हातारी भांडी आवरू लागली. मग ती म्हणाली, "खलास, पुरे झालं. पाहुणे दमले आहेत. त्यांना झोपू द्या."

टाकं

दुसऱ्या दिवशी उजाडताच मी दोर घेऊन निघालो. फुटलेल्या गोणीतलं सिमेंट वाऱ्यावर गेलं होतं, पण तिच्या जोडीची गोणी खाली ओट्यावर शाबूत होती. ती वर आणायची होती. दोन्ही गाढवांची ओझी वाडीखालच्या उभ्या चढाआधीच उतरवली होती, कारण ती अजून थरथरत होती. त्याही गोण्या वर न्यायच्या होत्या. सालमने मला पाहिलं, हातातला दोर हळूच काढून घेतला आणि टाक्याशेजारी अंथरलेल्या सतरंजीवर नेऊन बसवलं. कॉफी आणून ठेवली.

"इस्माईल, मला उचलू दे रे. निदान अर्धी गोणी."

"पाहुण्याने ओझं उचललं तर वाडीची अब्रू जाते," तो म्हणाला. "तुम्ही बसा. तुम्हाला बसवणार नाही, मला माहीत आहे. पण बसा."

मी बसलो. वाडीतल्या बायका झावळ्यांच्या पाट्यांत सिमेंट भरून डोक्यावरून आणत होत्या. म्हातारीसुद्धा आणत होती, छोट्या पाटीतून, दर वळणाला थांबून. प्रत्येक खेपेला ती माझ्यासमोरून जायची आणि तोंडावरचा बुरखा सावरून मला विचारायची, कॉफी गार झाली का? लढाईत मी कधी लपलो नाही. त्या सतरंजीवर मात्र जमीन पोटात घेईल तर बरं असं झालं.

दुपारपर्यंत भेग बुजवून झाली, पण पूर्ण नाही. एक गोणी कमी पडली. वरचा हातभर भाग तसाच राहिला. त्यात त्यांनी चुना आणि राख कालवून भरली.

सिमेंट सुकायला एक दिवस मिळाला. त्यानंतर पाऊस आला. डोंगरावरून सगळीकडून पाण्याच्या रेघा टाक्याकडे धावू लागल्या, माणसं हसत ओरडत भिजत उभी राहिली. टाकं भरत गेलं, भरत गेलं, आणि राखेचा भाग सुरू झाला तिथे थांबलं. चुना विरघळून गेला. त्यावरचं सगळं पाणी भेगेतून बाहेर पडून दरीत जात होतं. सालम गुडघाभर पाण्यात उभा राहून अल्लाचे आभार मानत होता. मी त्या बाहेर जाणाऱ्या पाण्याकडे बघत होतो. उन्हाळ्याच्या शेवटी ते किती दिवस पुरलं असतं, हे विचारायचं मला धाडस झालं नाही.

उतार

सालम आम्हाला पायथ्यापर्यंत सोडायला आला. दोन्ही गाढवं बरोबर होती, पायथ्याशी आलेलं पिठाचं पोतं वर न्यायचं होतं म्हणून. त्या वळणाशी आलो तेव्हा कोणी खाली पाहिलं नाही.

खाली लँडरोव्हरपाशी मी इस्माईलकडून शिकून घेतलेला अरबी शब्द म्हटला. "सामिहनी." मला माफ कर. उच्चार चुकला असेल, पण त्याला कळला. त्याने माझे दोन्ही हात हातात धरले आणि बराच वेळ बोलला. इस्माईल ऐकत होता, मला सांगत नव्हता.

"काय म्हणतो? सांग."

"म्हणतो, तुमची चूक नाही. तुम्हाला त्या डोंगराची माहिती नव्हती. म्हणतो, शहबा त्याच्या घरी जन्मली. तिला किती झेपतं ते त्याला ठाऊक होतं. तरी लोकांसमोर पाहुण्याला नाही म्हणायची त्याला लाज वाटली. आता त्या लाजेचीच लाज वाटते, म्हणतो. तुम्हीच त्याला माफ करा, म्हणतो."

मी त्याचं जनावर घेतलं होतं, टाक्यातलं पाणी घेतलं होतं, आणि आता माझी लाजसुद्धा तो उचलून घेऊन चालला होता. मी नुसता त्याच्या खांद्याला हात लावला. त्या खांद्यावर कपाळ टेकवायला हवं होतं, पण तेही सुचलं नाही.

इस्माईलने गाडी सुरू केली. थोडं पुढे गेल्यावर मी मागे वळून पाहिलं. सालम वाटेला लागला होता. दोन्ही गाढवं पुढे रिकामी चढत होती, आणि पिठाचं पोतं त्याने स्वतःच्या पाठीवर घेतलं होतं.